वाचकांचे प्रश्न : ती तिथे पोचली कशी?

ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या आणि त्यांतल्या चाकोरीबाहेरच्या नायिका यांविषयी पुण्यातल्या वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. कादंबऱ्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. ज्यांनी अजून वाचलेल्या नाहीत त्यांचा रसभंग होऊ नये.

प्रश्न : १८९०च्या सुमाराचं पुणं, वाड्यात खून आणि शोध लावणारी घरातलीच विधवा सून, अशी कादंबरी वाचायला घेतली आहे. पहिल्या चाळीस पानांत इतकी माणसं येतात की कोण कुणाचं हेच कळेनासं होतं. दोनदा अर्धवट सोडली. पुन्हा कशी घ्यावी? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : वंशावळ नंतर काढा, आधी वाडा काढा. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, म्हणजे तोच खुणेसाठी पुस्तकात ठेवता येईल. एका बाजूला वाड्याचा नकाशा काढा : दिंडीदरवाजा, देवडी, पुढचा चौक, ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागचा चौक, विहीर किंवा हौद, परसदार, माडीचा जिना. नकाशा प्रमाणात नसला तरी चालेल. कुठून कुठे जाता येतं आणि वाटेत कोण बसलेलं असतं, एवढं दिसलं की पुरे. जिना भिंतीतला अरुंद असेल तर तो ठळक करा, कारण त्यात दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत. घरात कात्रजच्या नळाचा हौद असेल तर त्याचीही खूण करा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून जमिनीखालून बांधून आणलेल्या त्या नळाला हवा जाण्यासाठी ठिकठिकाणी उच्छ्वास आहेत, आणि पुण्यातल्या रहस्यकथेला अशी भूमिगत वाट वापरायचा मोह होतोच.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला माणसं लिहा. बहुतेक वाचकांचं चुकतं ते इथे. नावं जशी येतात तशी आपण लिहीत जातो आणि एकच बाई यादीत तीनदा येते. तिला माहेरचं नाव असतं, सासरचं वेगळं असतं, आणि हाका तर नात्यागणिक बदलतात. दीर आणि नणंद तिला वहिनी म्हणतात, पुतणे काकू म्हणतात, धाकटी जाऊ जाऊबाई म्हणते, आणि ती स्वतः नणंदेला वन्सं म्हणते. म्हणून प्रत्येक माणसासाठी चार ओळी मोकळ्या सोडा आणि नवी हाक आली की जुन्या नावाखालीच लिहा. नावापुढे दोनच गोष्टी टिपा : हे माणूस रात्री कुठे झोपतं आणि त्याच्याकडे कोणत्या किल्ल्या आहेत. वय आणि रंगरूप लिहायची गरज नाही, ते आपोआप लक्षात राहतं.

पहिल्या पन्नास पानांत खुनी शोधू नका, घरात नुसते फिरा. एका बैठकीत साठ-सत्तर पानं झाली पाहिजेत. रोज झोपताना पाच-सात पानं वाचण्याची सवय इतर कादंबऱ्यांना चालते, इथे चालत नाही. तिसऱ्या प्रकरणात कुणी तरी परसदाराची कडी आतून घालतं, विसाव्या प्रकरणात ती कडी निघालेली असते, आणि मध्ये महिना गेला असेल तर तुम्हाला त्यात काहीच दिसत नाही. पाऊण पुस्तक झालं की थांबा. कागदाच्या तळाशी तीन ओळी लिहा : कुणी केलं, कसं केलं, आणि ते कुणालाच कसं दिसलं नाही. मग पुढे वाचा. अंदाज चुकला तरी शेवट दुप्पट गोड लागतो, कारण आपण कोणत्या दारावर फसलो ते नेमकं कळतं.

प्रश्न : त्या काळातल्या बायका उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या. असं असताना गुन्ह्याचा शोध लावणारी नायिका म्हणजे आजची मुलगी नऊवारीत उभी केल्यासारखी वाटते. माझं मन त्यात रमत नाही. – एक ज्येष्ठ वाचक, नारायण पेठ

उत्तर : तुमची शंका काही कादंबऱ्यांच्या बाबतीत अगदी रास्त आहे. पण ‘त्या काळातल्या बायका’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे एखाद-दुसऱ्या पेठेतली ठरावीक घरं असतात. १८८६ साली सुरू झालेल्या रे मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत, भाजी विकणाऱ्या बायका होत्या. सुईण रात्री-अपरात्री कुणाच्याही माजघरात जात होती. बोहारीण दारोदार फिरत होती आणि कोणत्या घरातली जरीची साडी अचानक निघाली हे तिला सर्वांत आधी कळत होतं. उंबऱ्याचा नियम सगळ्यांना सारखा कधीच नव्हता. चांगली लेखिका हे जाणते, आणि तिच्या नायिकेला बातमी आणून देणारी माणसं याच बायकांतली असतात.

आता चाकोरी मोडणाऱ्या बायका. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. रखमाबाईंनी नांदायला यावं म्हणून त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. त्या लढतीत असतानाच त्या ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्रं लिहीत होत्या. १८८७ साली न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असं सांगितलं तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता गेल्या, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. स्त्रियांना पदवी द्यायला ते विद्यापीठ १९२० साली तयार झालं आणि भारतात स्त्रियांना वकिलीची दारं १९२३ च्या कायद्याने उघडली. मधल्या काळात, १९०४ पासून, त्या बंगालमध्ये पडद्यातल्या जमीनदार स्त्रियांच्या कायदेशीर कामांसाठी सरकारी सल्लागार होत्या. जनान्यात पुरुष वकील जाऊ शकत नव्हता, म्हणून ते काम बाईला मिळालं. रहस्यकादंबरीतल्या कितीतरी नायिकांचं बळ हेच आहे : पुरुषाला जिथे जाता येत नाही तिथे ती जाऊ शकते.

तेव्हा नायिका अशी असू शकते का, हा प्रश्न सोडून द्या. ती या खोलीत पोचली कशी, हे विचारा. तिच्याकडे पैसे कुठून आले? टांग्यात तिच्याबरोबर कोण होतं? घरी काय सांगून निघाली? परत आल्यावर काय भोगलं? रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नवरा स्वतः शिकवायला उत्सुक असताना घरातल्या बायकांचा विरोध कसा सोसावा लागला ते आहे. न्यायमूर्तींच्या पत्नीची ही गोष्ट. कादंबरीतली नायिका कुणाचाही शब्द ऐकून न घेता रात्री एकटी लकडी पुलावर जात असेल आणि दुसऱ्या दिवशी घरात सगळं सुरळीत असेल, तर ती खोटी. तिच्या प्रत्येक पावलाची किंमत कथेत कुठे ना कुठे वसूल झाली पाहिजे.

विधवा नायिकेचंच घ्या. लाल आलवण, केशवपन, एकभुक्त. घरात शुभकार्य असलं की ती मागच्या खोलीत. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून सोवळ्याने पाणी भरणारी तीच. विहिरीच्या काठावर ओल्या पायाचे ठसे तिला दिसतात, कारण त्या वेळी तिथे दुसरं कुणी नसतं. पुढच्या चौकातून ती गेली तरी ओसरीवरचे पुरुष बोलणं थांबवत नाहीत, फार तर तोंड फिरवतात. अपशकुन नको म्हणून तिच्याकडे न पाहण्याची घरादाराला सवय झालेली असते, आणि जिच्याकडे कुणी पाहत नाही ती सगळं पाहते. पण तिची मर्यादाही तितकीच पक्की आहे. हळदीकुंकवाला ती नसते. तिथे कोण कुणाशी काय बोललं हे ती डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत असेल, तर ती लेखकाची चूक आहे, नाही तर ती खोटं बोलते आहे. दुसरी शक्यता असेल तर तुमच्या हाती फार मोठा दुवा लागला.

प्रश्न : एका कादंबरीत संशयित म्हणतो, गाडी पुणे स्टेशनात दहाला पोचली आणि खून पेठेतल्या वाड्यात दहालाच झाला, मग मी कसा? नायिका त्याला तिथेच पकडते, पण तिचा हिशेब मला समजला नाही. छपाईची चूक असावी का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : चूक नाही, कादंबरीतला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. १९०६ च्या १ जानेवारीला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत होती आणि गावोगावची घड्याळं स्थानिक वेळेवर. मद्रासची वेळ ग्रिनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटं, मुंबईची ४ तास ५१ मिनिटं. पुण्याची, रेखांशावरून काढली तर, सुमारे ४ तास ५५ मिनिटं येते. म्हणजे स्टेशनवरचं घड्याळ पुण्याच्या सूर्यापेक्षा २६ मिनिटं पुढे. वाड्यातल्या घड्याळात दहा वाजले तेव्हा स्टेशनवर दहा वाजून २६ मिनिटं झाली होती. संशयिताला उतरल्यानंतर २६ मिनिटं मिळाली. स्टेशनपासून शनिवारवाड्याकडे साधारण तीन किलोमीटर. टांगा हाताशी असेल तर एवढा वेळ पुरतो. नायिका त्याला टांगा कुठे उभा होता एवढंच का विचारते, ते आता लक्षात येईल.

अशा कादंबऱ्यांत वेळ वाचताना आणखी काही गोष्टी जवळ ठेवा. दिवसाच्या ६० घटका, एक घटका २४ मिनिटांची, अडीच घटकांचा तास, आणि मोजणी सूर्योदयापासून. सहाला उजाडलं असेल तर ‘पाच घटका दिवस वर आला’ म्हणजे आठ वाजले. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते आणि मुसलमानी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. सोमवारी रात्री तीन वाजता घडलेली गोष्ट भटजी सोमवारची सांगतील आणि कचेरीतला कारकून मंगळवारची लिहील, आणि दोघंही खरंच बोलत असतील. साक्षीदारांच्या जबान्यांत एका दिवसाचा फरक आढळला की आधी साक्षीदार कोण आहे ते पाहा. शक वर्षावरून इसवी सन काढायचा तर ७८ मिळवा. जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी मात्र ७९.

मुंबईने प्रमाणवेळ बराच काळ मान्य केली नाही. शहराची वेगळी वेळ १९५५ पर्यंत चालू होती, ३९ मिनिटं मागे. १९२० च्या दशकातल्या मुंबईची कादंबरी वाचताना हे विसरू नका.

प्रश्न : बोटांचे ठसे, रक्ताची तपासणी वगैरे गोष्टी कोणत्या सालापासून खऱ्या मानाव्यात? – एक वाचक, औंध

उत्तर : ठशांची कचेरी कलकत्त्याला १८९७ साली सुरू झाली. १८८० च्या पुण्यात ठशांवरून खुनी सापडत असेल तर पुस्तक खुशाल मिटा. डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे खात्रीने सांगणारी चाचणी १९०१ ची. त्याआधी ‘कोंबडी कापली होती’ हा बचाव खोडता येत नव्हता. सोमल शोधणारी मार्शची परीक्षा मात्र १८३६ ची आहे, त्यामुळे सोमलाचं विष जुन्या कथेतही पकडलं जाऊ शकतं. अडचण त्याआधीची असते : सोमलाच्या उलट्या-जुलाब पटकीसारखे दिसतात, म्हणून साथीच्या दिवसांत तपासणीचा विचारच कुणाच्या मनात येत नाही. तो विचार करायला रुग्णाच्या उशाशी बसलेलं माणूस लागतं, आणि तिथे बाई बसलेली असते. प्लेगबद्दल एक सांगायला हवं : उंदीर पडू लागले की साथ येते हे लोकांना दिसत होतं, पण पिसूमार्फत रोग पसरतो हे १८९८ साली मांडलं गेलं आणि पटायला आणखी काही वर्षं गेली. १८९७ च्या पुण्यात पिसवांबद्दल खात्रीने बोलणारी नायिका काळाच्या पुढे आहे.

प्रश्न : आमची आठ जणींची वाचनभिशी आहे. रहस्यकादंबरीवर चर्चा करताना कुणी तरी शेवट फोडतंच. काय करावं? – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : दोन बैठका ठेवा. पहिली सगळ्यांची पाऊण पुस्तकावर, पानाचा आकडा आधी ठरवून. जिने पुढे वाचलं असेल तिने त्या दिवशी फक्त टिपणं घ्यायची, बोलायचं नाही. प्रत्येकीने आपला संशयित चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. दुसरी बैठक दहा-बारा दिवसांत, त्याहून उशीर नको, तपशील निसटतात. दुसऱ्या बैठकीत चिठ्ठ्या उघडा आणि खुनी कोण यावर पाच मिनिटंच घालवा. उरलेला वेळ मागे जाऊन दुवे शोधण्यात घाला, पान क्रमांकासह. आठ जणींत एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या असतील तर पानं जुळत नाहीत, म्हणून प्रकरण आणि परिच्छेद सांगायची सवय लावा. कादंबरी प्लेगच्या काळातली असेल तर बैठकीनंतर गणेशखिंड रस्त्याने चालत या. १८९७ च्या २२ जूनला रात्री ज्या मेजवानीहून परतताना रँडवर गोळी झाडली गेली, ती मेजवानी आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत होती. त्या रस्त्याची लांबी पायाखाली आली की पुस्तकातला काळोख वेगळा दिसतो.

प्रश्न : शेवटच्या प्रकरणात खुनी नायिकेपुढे सगळं कबूल करतो आणि फौजदार बाहेर थांबलेला असतो. हे नाटकी वाटतं. फौजदारानेच कबुली का घेऊ नये? – विधी शाखेची विद्यार्थिनी, डेक्कन

उत्तर : तुमच्या अभ्यासक्रमातच याचं उत्तर आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ : पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. कलम २६ : पोलिसांच्या ताब्यात असताना कुणापुढेही दिलेली कबुली चालत नाही, मॅजिस्ट्रेट समक्ष हजर असल्याशिवाय. मारझोड करून कबुल्या घेतल्या जात म्हणून ही बंधनं आली. २०२४ च्या १ जुलैपासून नवा कायदा आला तरी तत्त्व तेच राहिलं.

आता ते प्रकरण पुन्हा वाचा. फौजदार आत असता आणि कबुली त्याला दिली गेली असती तर न्यायालयात ती मातीमोल झाली असती. आधी बेड्या घातल्या असत्या तरी तेच. नायिकेकडे हुद्दा नाही, शिक्का नाही, ती कुणाला धमकावू शकत नाही की सोडून देण्याचं आमिष दाखवू शकत नाही. कलम २४ अधिकार असलेल्या माणसाच्या आमिषाने किंवा धाकाने दिलेली कबुली बाद करतं, तेही तिला लागू पडत नाही. तिला कुणी काही मानत नाही, म्हणूनच तिच्यापुढे बोललेलं न्यायालयात उभं राहतं. सबंध पुस्तकभर जे तिला नडलं ते इथे तिच्या उपयोगी पडतं, आणि लेखिकेने ते कुठेही समजावून सांगितलेलं नाही.

अर्थात नुसत्या अशा कबुलीवर न्यायाधीश सहसा विसंबत नाहीत, जोडीला पुरावा लागतो. म्हणून खुनी हौदात टाकलेल्या किल्लीचा उल्लेख करतो आणि ती नंतर पंचांसमक्ष निघते. पुढचा प्रश्न तिच्या साक्षीचा. चारचौघांत न येणाऱ्या स्त्रियांना दिवाणी न्यायालयात जातीने हजर राहण्यातून सूट होती आणि त्यांची जबानी घरी जाऊन घेतली जाई. खुनाच्या खटल्यात मात्र तिला पिंजऱ्यात उभं राहावं लागणार, परक्या पुरुषांसमोर, डोक्यावरचा पदर सावरत. तुमच्या कादंबरीचं शेवटून दुसरं पान त्या सकाळचं आहे. घरातून कचेरीपर्यंत ती टांगा नाकारून चालत जाते. तिच्या पायांत काय आहे तेवढं बघा.